अपत्यशोक आणि अपत्यस्मरण

करुणरसाची मांडणी करताना आपल्या साहित्यशास्त्राने शोकाला स्थायी भाव मानले आणि स्मृतीला तेहतीस व्यभिचारी भावांच्या पंक्तीत बसविले. शोक टिकतो, स्मृती येते आणि जाते. शोक हा धनी आणि स्मृती ही त्याची दासी. नाट्याच्या दृष्टीने ही व्यवस्था योग्यच होती. रंगभूमीवर आई मुलाच्या कलेवराशी बसलेली असते आणि त्या एका प्रसंगाला उठाव यावा एवढ्यापुरतीच एखादी जुनी आठवण क्षणभर चमकून जावी, ही अपेक्षा असते. पण तो प्रसंग सरल्यावर काय? कलेवर उचलले जाते, सुतक फिटते, घर पुन्हा चालू लागते, आणि त्यानंतर वीस-तीस वर्षे आई किंवा बाप त्या मुलाला मनात बाळगून जगतो. ह्या दीर्घ काळात स्थायी असते ती स्मृती. शोकच मधून मधून येतो आणि जातो. शास्त्राने सांगितलेले नाते येथे उलटे झालेले असते. ह्या उलट्या नात्याचे वाङ्मय मराठीत किती आहे, असा प्रश्न विचारला तर उत्तर फारसे समाधानकारक मिळत नाही. अपत्यशोकाची कविता आपल्याकडे आहे आणि ती समर्थ आहे. अपत्यस्मरणाची कविता मात्र फार थोडी आहे. हे असे का झाले असावे, आणि जे कवितेत आले नाही ते अन्यत्र कोठे आले, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या जुन्या कथाकाव्यात मुले मरतात, पण मेलेली राहत नाहीत. श्रीधराच्या 'शिवलीलामृता'त, म्हणजे १७१८ सालच्या ग्रंथात, श्रियाळ आणि चांगुणा ह्यांच्या चिलया बाळाची कथा आहे. अतिथीच्या रूपाने आलेला शंकर मुलाचेच मांस मागतो. आईने मुलाचे शिर उखळात कांडावयाचे, तेही गाणे म्हणत, आणि डोळ्याला पाणी येऊ द्यावयाचे नाही. मराठी वाङ्मयात ह्याहून भीषण अट कोणत्या आईला घातलेली मला आठवत नाही. पण कथेचा खरा कस लागतो तो ह्यानंतर. निपुत्रिकाच्या घरी आपण जेवत नाही, तेव्हा मुलाला हाक मार, असे अतिथी सांगतो. चांगुणा हाक मारते आणि चिलया धावत येतो. 'भक्तविजया'त महिपतीने सांगितलेली तेरच्या गोरा कुंभाराची कथा घ्या. चिखल तुडविताना नामस्मरणात दंग असलेल्या बापाच्या पायाखाली तान्हे मूल जाते; पुढे पंढरपुरी कीर्तनात ते रांगत परत येते. हरिश्चंद्राचा रोहिदासही स्मशानातून उठतो. (दादासाहेब फाळके ह्यांनी १९१३ साली ही कथा पडद्यावर आणली तेव्हा रोहिदासाची भूमिका त्यांच्याच मुलाने, भालचंद्राने, केली होती. पडद्यावर मेलेला रोहिदास पुन्हा उठणारच आहे हा भरवसा कथेतच नसता, तर कोणत्या बापाला हे धैर्य झाले असते, असा विचार मनात येतो.)

ह्या कथांना भाबड्या म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तसे करू नये. त्यांनी शतकानुशतके आईबापांना आधार दिलेला आहे. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने त्यांचा एक परिणाम झाला. जे मूल परत येणार आहे त्याची आठवण काढण्याचे प्रयोजनच उरत नाही. चिलया कसा बोलत असे, कशावर रुसत असे, हे श्रीधराला सांगावेसे वाटले तरी ते आईचा त्याग किती मोठा हे दाखविण्यापुरते. मूल हे भक्तीच्या परीक्षेचे द्रव्य असते. बौद्ध परंपरेतील किसा गोतमीचे मूल परत येत नाही. ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आणावयास ती गावभर फिरते, आणि तशी मोहरी कोठेच मिळत नाही. पण तेथेही गोतमीला मिळते ते ज्ञान. मुलाची आठवण नव्हे. मूल कसे होते हे त्या कथेलाही ठाऊक नाही.

अर्वाचीन मराठी कविता ह्या ठिकाणी आली तेव्हा तिच्या हाताशी पुराण नव्हते. अंगाई मात्र होती. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. अल्प आयुष्य लाभलेल्या आणि १८९९ साली निवर्तलेल्या कवी दत्तांनी दरिद्री आईच्या तोंडी एक अंगाई घातली. तीत बाळ जिवंत आहे, पण झोपडी मोडकी, रात्र काळोखी, आणि आईचा प्रत्येक शब्द बाळाला निजविण्यापेक्षा स्वतःची भीती निजविण्यासाठी आहे. ग्वाल्हेरीस राहून मराठीत लिहिणाऱ्या भास्करराव तांब्यांनी निजलेल्या तान्ह्याकडे टक लावून बसलेली आई रंगविली. तिच्या आनंदातही एक दचक आहे, कारण निजलेले मूल आणि निपचित मूल ह्यांत डोळ्यांना अंतर फार थोडे. हे अंतर पुसून टाकण्याचे साहस गोविंदाग्रजांनी केले. 'राजहंस माझा निजला' ही कविता म्हणजे मृत मुलासाठी म्हटलेली अंगाई होय. विधवा आईचे मूल गेले आहे, लोक त्याला न्यावयास आले आहेत, आणि ती त्यांनाच गप्प करीत आहे: मूल निजले आहे, त्याची झोप मोडू नका.

ह्या कवितेचे सामर्थ्य वादातीत आहे. मराठी घराघरांत ती रडवीत आली, आणि तिच्यावर अतिभावुकतेचा आरोप करणारे टीकाकारही ती मोठ्याने वाचावयाची वेळ आली की अडखळतात. तिची शक्ती कशात आहे? माझ्या मते ती एका नाट्यमय विसंगतीत आहे. बोलणारी एक गोष्ट म्हणते, ऐकणारे सगळे दुसरी जाणतात, आणि ऐकणाऱ्यांत आपणही असतो. गडकऱ्यांमधील नाटककार ह्या कवितेत कवीहून तिळमात्र कमी नाही. शब्दांची लय अंगाईची, प्रसंग स्मशानयात्रेच्या आधीचा; दोहोंच्या घर्षणातून करुण उत्पन्न होतो. अशी योजना क्वचितच एवढी यशस्वी झाली असेल.

तरीही, आणि येथे रूढ मताहून माझे मत थोडे वेगळे आहे, ही अपत्यस्मरणाची कविता नव्हे. ती स्मरणापूर्वीची कविता आहे. आईला मूल गेले हेच मान्य नाही. मग ती त्याची आठवण कशी काढील? आठवण काढावयाची म्हणजे आधी जाणे मान्य करावयाचे. गडकऱ्यांनी नाट्याचा परमोच्च क्षण अचूक पकडला आणि पडदा तेथेच पाडला. त्या आईच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी काय झाले, पुढच्या श्रावणात काय झाले, हे मराठी कवितेने विचारलेच नाही. आणि ते मूल? राजहंस ही प्रतिमा सुंदर आहे, पण ती कोणत्याही आईच्या कोणत्याही मुलाला लागू पडेल. कोमलतेच्या परिचित उपमांनी ते मूल झाकले गेले आहे. कवितेतून उठताना आपल्याला आई आठवते. मूल आठवत नाही.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घ्यावयास हवा. तान्ह्या मुलाला वेगळा चेहरा तो काय असणार? गडकऱ्यांच्या काळी हिंदुस्थानात दर हजार जन्मांमागे दोनशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावत. कल्याणच्या आनंदीबाई जोशी ह्यांचे मूल दहा दिवसांत गेले. आईचे वय तेव्हा चौदाच्या आसपास होते. दहा दिवसांच्या जिवाची कोणती आठवण असणार? आनंदीबाईंच्या बाबतीत ती आठवण शब्दांत न उतरता वैद्यकाच्या अभ्यासात उतरली आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या पदवीपर्यंत गेली. बहुतेक आयांच्या बाबतीत ती कशातच उतरली नाही. जे मूल अजून कोणी झालेच नव्हते त्याचे स्मरण म्हणजे वस्तुतः आईबापांनी त्याच्याभोवती बांधलेल्या आशांचे स्मरण. ही अडचण खरी आहे. पण ती अडचण आहे, सबब नव्हे. दहा दिवसांच्या मुलाचाही वास असतो, मुठीची पकड असते, रडण्याचा सूर असतो, आणि ज्या आईने ते दहा दिवस घालविले तिला ते दुसऱ्या कोणत्याही मुलाच्या रडण्याशी एकरूप वाटत नाही. कवितेला ते ऐकू आले नाही ह्याचे कारण एक असे दिसते की आमची कविता लिहिणारे बहुतेक पुरुष होते, आणि मुलाच्या मृत्यूवर लिहिताना ते आईचा वेष घेऊन उभे राहत. बापाने रडणे हे आमच्या शिष्टाचारात बसत नव्हते. रडावयाचे तर आईच्या गळ्याने.

ह्या पार्श्वभूमीवर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी स्वतःच्या अपत्याच्या वियोगावर लिहिलेल्या कवितेला 'बापाचे अश्रू' हे नाव द्यावे, ही गोष्ट साधी नव्हे. शीर्षकातील पहिलाच शब्द धीट आहे. टिळकांच्या निसर्गकवितांशी किंवा अभंगांशी तुलना करता ह्या कवितेचे मोल कोणी कमी लावील. तिच्या धीटपणाचे मोल कमी लावता येणार नाही. पुरुषाने स्वतःच्या नात्याने, स्वतःच्या स्वरात, कोणाही कल्पित आईच्या आडोशाला न जाता मुलासाठी रडावे, ह्याला तिने मराठीत जागा करून दिली. दुर्दैवाने त्या जागेवर पुढे फारसे कोणी आले नाही. टिळकांचे अनुकरण झाले ते फुलामुलांच्या बाबतीत. अश्रूंच्या बाबतीत आमचे कवी पुन्हा आईच्या पदराआड गेले.

टिळकांचे नाव ह्या भागात, छत्तीसगढात, थोडे निराळ्या कारणाने घेतले जाते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत त्यांची अर्नेस्ट वॉर्ड ह्या मिशनऱ्याशी गाठ पडली, वॉर्डने त्यांना बायबल दिले, आणि पुढचे सर्व त्यातून घडले. तोच लोहमार्ग राजनांदगाव आणि दुर्ग मागे टाकून रायपुरास येतो. रायपूरच्या उत्तरेला उरल्याची कारखान्यांची वस्ती आहे. लोखंडाच्या भट्ट्या आणि पोलादाच्या गिरण्या ही तिची ओळख. अशा ठिकाणच्या मराठी घरात मुलाची शाळा हिंदीत, अंगण छत्तीसगढीत, आणि मराठी उरते ती बहुधा स्वयंपाकघरात आणि पाळण्याशी. भाषा विरळ होत जाते तेव्हा सर्वांत शेवटी जी जाते तिच्यात अंगाई असते. म्हणून 'राजहंस' येथे अजून कळतो, ज्याला मराठी वर्तमानपत्र वाचता येत नाही त्यालाही कळतो. आणि म्हणूनच ह्या वस्तीत मराठी वाचणाऱ्याला शेजारच्या खोलीतला हिंदीचा आवाज टाळता येत नाही. तो टाळूही नये. कारण आपल्या प्रश्नाचे एक उत्तर त्या आवाजात आहे.

सूर्यकांत त्रिपाठी 'निराला' ह्यांची कन्या सरोज १९३५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षात, वारली. त्याच वर्षी निरालांनी 'सरोज-स्मृति' लिहिली. नावातच शोक नसून स्मृती आहे, हे लक्षात घ्यावे. आई लहानपणीच गेल्यामुळे सरोज आजोळी वाढली. बापाला दुसरे लग्न करण्याचा आग्रह होत होता. कारण बापाच्या कुंडलीत दोन विवाह लिहिलेले. बापाने ती कुंडली मुलीच्या हाती खेळावयास दिली आणि तिने तिचे तुकडे केले. भावाने मारले म्हणून ती रडते, मग तोच भाऊ तिला चुचकारून गंगेच्या वाळूत घेऊन जातो. बाप मात्र संपादकांनी परत पाठविलेल्या कविता हाती घेऊन उदास बसलेला, जवळचे गवत उपटीत. पुढे तिचे लग्न त्याने रूढी मोडून केले, मंत्र स्वतः म्हटले, आणि आईच्या अभावी आईची कामेही स्वतःच केली. एवढ्या तपशिलात सरोज उभी राहते. ती कोणाही बापाची मुलगी नाही; ती सरोजच आहे. आणि बाप? तो स्वतःला क्षमा करीत नाही. मुलीसाठी आपण काही केले नाही, मिळविता आले असते ते मिळविले नाही, ही खंत कवितेच्या मध्यभागी आहे. येथे स्मृती ही शोकाची दासी राहिलेली नाही. शोकच स्मृतीच्या मागून चालतो, आणि मध्येच समाजावरचा राग, जातभाईंचा उपहास, क्वचित विनोदही त्या वाटेने येऊन जातो. करुणात हास्य आल्याने रसभंग होतो असे आपण शिकलो. 'सरोज-स्मृति'त तो होत नाही. आठवणीत सगळेच रस असतात. माणूस एकट्या करुणात जगलेला नसतो.

निरालांच्या पदरी अठरा वर्षांची सामग्री होती, हे मान्य करावे लागेल. पण सामग्री पुष्कळ असूनही तिची कविता होत नाही, अशीही उदाहरणे आहेत. जर्मन कवी र‍्यूकर्ट हा संस्कृतचा अभ्यासक, 'गीतगोविंदा'चा अनुवादक. १८३३-३४ च्या हिवाळ्यात त्याची दोन मुले गेली आणि त्याने चारशेहून अधिक कविता लिहिल्या; त्या त्याच्या मृत्यूनंतर, १८७२ साली, छापून आल्या. फ्रेंच कवी मालार्मे ह्याचा आठ वर्षांचा मुलगा १८७९ साली गेला. शब्दावर एवढी हुकमत असलेल्या त्या कवीला मुलासाठी योजलेले काव्य पुरे करता आले नाही. उरली ती टिपणे, आणि ती १९६१ साली प्रसिद्ध झाली. एकाला थांबता येत नाही, दुसऱ्याला सुरू करता येत नाही. आपल्याकडे रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्र १९०७ साली अकराव्या वर्षी गेला. पंचवीस वर्षांनी, नातवाच्या मृत्यूनंतर मुलीला लिहिलेल्या पत्रात त्यांना आठवले ते एवढेच: शमी गेल्यानंतरच्या रात्री आगगाडीतून परतताना बाहेर चांदणे भरून होते आणि विश्वात कोठे काही उणे झाल्याची खूण दिसत नव्हती. ह्या स्मरणात मुलाविषयी एक अक्षर नाही, आणि तरीही ते स्मरण आहे. पंचवीस वर्षे ते चांदणे बापाने जपून ठेवले होते.

मराठीत हे जे कवितेत आले नाही ते गद्यात आले, आणि ज्या गद्याकडून कोणी त्याची अपेक्षा केली नव्हती त्या गद्यात आले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. लग्नाच्या वेळी ही बाई अकरा वर्षांची. अक्षरओळख झाली ती नंतर, संसाराच्या धबडग्यात. रससिद्धांत तिला कोणी शिकविला नव्हता, आणि हे वाचकांचे भाग्यच म्हणावे लागेल. तिच्या आठवणींत वडिलांचे सोवळ्याचे वेड आहे, नवऱ्याचा तापट आणि उदार स्वभाव आहे, त्याच्या धर्मांतराने झालेली ताटातूट आहे, आणि गेलेली मुलेही आहेत. ह्या मुलांसाठी तिने वेगळी वेदी उभारलेली नाही. ती आली तशी संसाराच्या ओघात येतात आणि त्याच ओघात जातात. प्रवास, बिऱ्हाडे, भांडणे, दारिद्र्य, आणि ह्या सर्वांच्या मध्ये मरण. चार पाने पुढे गेल्यावर तीच बाई आपल्याला हसविते.

काही वाचकांना हा कोरडेपणा वाटला आहे. शोकाचा विस्तार हवा होता, असे त्यांचे म्हणणे. मला ह्यात कोरडेपणा दिसत नाही. शोकाला प्रसंगातून सोडवून आयुष्यभर पसरू देण्याची ही रीत आहे. गडकऱ्यांची आई एका क्षणी गोठते. लक्ष्मीबाईंना गोठावयास सवड नाही, कारण चूल पेटवावयाची आहे आणि दुसरे मूल पदराशी आहे. मेलेल्या मुलाची आठवण जिवंत मुलाच्या न्हाऊमाखूतून वेगळी काढता येत नाही, हे ज्या आईने प्रत्यक्ष अनुभविले तिलाच असे लिहिता आले. आमच्या कवितासंग्रहांत 'राजहंस' करुणरसाचा नमुना म्हणून येतो आणि येत राहो. पण 'स्मृतिचित्रां'ची ती पाने कोणत्या रसाची म्हणून निवडावयाची, हे आमच्या संपादकांना अजून ठरविता आलेले नाही. म्हणून ती शोकवाङ्मयाच्या चर्चेत बहुधा येतच नाहीत. स्मृतीला व्यभिचारी मानणाऱ्या शास्त्राने ती पाने वाचावयाची तर आधी ह्या एका भावाची जागा त्याला बदलावी लागेल.

हे पुस्तक लिहिले गेले त्याला निमित्त झाले ते जगलेले मूल. मुलगा देवदत्त ह्याला वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्यासाठी त्याने आईकडे आठवणी मागितल्या. आई आठवू लागली. मागितली होती वडिलांची हकीकत. तिच्याबरोबर त्याची भावंडेही आली.